दिवसा झोपणाऱ्यांचे पाय

नवीन पेशंट आला की मी त्याला आधी खुर्चीत बसवायचे, हातांची घडी घालायला लावायचे आणि कशालाही न धरता उठायला सांगायचे. दुखणं मानेत असो की मनगटात, सुरुवात इथूनच. पुष्कळांना राग यायचा. पेणचे एक निवृत्त हेडमास्तर तर म्हणाले होते, "बाई, मुलांना उठाबशा काढायला लावल्या त्याचं पाप तुम्ही माझ्याकडून फेडून घेताय." त्यांचा खांदा धरला होता. पण खुर्चीतून उठताना ते आधी पुढे झुकले, मग गुडघ्यांवर हात टेकले, मग दात आवळले. खांदा पुढे बरा झाला. पायांसाठी मात्र त्यांना वर्षभर यावं लागलं, आणि येताना दर वेळी ते माझ्या मराठीतली एक तरी चूक काढत.

फिजिओथेरपिस्ट हा शब्द आमच्या भागात कुणाच्या तोंडी बसला नाही. पेणला मी "शेकवाल्या बाई" होते, रोह्याला "करंटवाल्या मॅडम". लोकांचा विश्वास मशीनवर. दिवा लागला, कातडीला मुंग्या आल्या की औषध पोचलं असं वाटायचं. व्यायाम सांगितला की चेहरा पडायचा. "तो काय, घरी पण करू," असं म्हणून जायचे आणि घरी करायचे नाहीत. मशीनने बरं वाटताच निघून गेलेले असे कितीतरी. त्यांतला एक पुढे रोह्याच्या बाजारात चाकाच्या खुर्चीत भेटला. मला बघून त्याने मान वळवली. त्या दिवशी मी भाजी न घेताच परतले.

पेणला घराच्या खालच्या दोन खोल्यांत माझं क्लिनिक होतं. आठवड्यातले काही दिवस मी रोह्याला जायचे. तिथल्या एका जुन्या डॉक्टरांनी त्यांच्या दवाखान्यामागची खोली मला दिली होती. सकाळची एसटी, नागोठण्याला चहा, आणि रोहा जवळ आलं की वाऱ्याबरोबर धाटावच्या कारखान्यांचा तो आंबूस, झोंबरा वास. आता सांगितलं तर लोक हसतील, पण निवृत्त झाल्यावर मला त्या वासाचीही आठवण येते.

रोह्याचे माझे बहुतेक पेशंट धाटावच्या कंपन्यांमधले. फर्स्ट, सेकंड, नाईट अशा फिरत्या शिफ्टवाले. दुपारी ओपीडीत बाकावर बसल्या बसल्या घोरणारे. त्यांच्यातच एकदा काशिनाथ आला.

आला म्हणजे त्याच्या बायकोने आणला. काशिनाथ गडब गावचा, आगरी घरातला, वय पन्नाशीच्या अलीकडचं. पोट शर्टाच्या गुंड्या ताणणारं. मधुमेह होऊन बरीच वर्षं झालेली, गोळ्या चालू. मी विचारलं, "काय दुखतं?"

"दुखत नाय काय," तो म्हणाला.

"मग?"

त्याने मागे बायकोकडे पाहिलं. बाकावरून त्याची बायको सुगंधा बोलली. "पुतन्याच्या हलदीला जमिनीवर जेवाला बसले, मॅडम. जेवान झाला आनि उठाला जाम होय ना. चौघांनी काखेत हात घालून उठवला. पोरा हसली. तवापासून कोनाच्या कार्याला जात नाय."

"तू गप गो," काशिनाथ म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

मग कळलं की हाच माणूस एके काळी गावच्या कबड्डी संघाचा चढाईवाला होता. पकडीत चौघं अंगावर घेऊन मधल्या रेषेला हात लावायचा. आमच्या जिल्ह्यात कबड्डी म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. हळदीच्या मांडवात पोरं हसली त्याचं त्याला इतकं का लागलं, ते मला त्या एका गोष्टीवरून समजलं.

मी त्याला खुर्चीतून उठायला सांगितलं. त्याने प्रयत्न केला, अर्धा उठला आणि धप्पकन परत बसला. टेपने मांड्या मोजल्या. पँट कमरेला घट्ट आणि मांडीला ढगळ. अशी पँट दिसली की मी सावध व्हायचे.

आपण जेवतो त्यातली साखर जाते कुठे? सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू, त्यातही मांड्यांचे आणि कुल्ल्यांचे. इन्सुलिन येऊन दार ठोठावतं, स्नायू दार उघडून साखर आत घेतो आणि जाळतो. वजन फार वाढलं की चरबी कातडीखाली मावेनाशी होते, मग ती स्नायूंच्या आतही शिरते. असा स्नायू इन्सुलिनची हाक नीट ऐकत नाही. साखर रक्तात साठून राहते. वर्षानुवर्षं असं चाललं की स्नायू बारीक होतो, दुबळा होतो. आणि स्नायू घटला की साखरेला जागा आणखी कमी. म्हणून लठ्ठ माणूस अंगाने भरलेला दिसला तरी त्याच्या मांडीत बळ असेलच असं नाही.

हे मी काशिनाथला सांगितलं. तो म्हणाला, "म्हनजे मी जाडा पन हाय आनि बारीक पन?"

"बरोबर."

"असा पन रोग असतो व्हय!"

व्यायाम सुरू केले. आधी उंच खुर्चीतून उठणं, मग बुटक्या, मग भिंतीला पाठ लावून अर्धं बसणं, पायाला वजन बांधून उचलणं. खेळाडूच तो, सांगितलेलं नेमकं करायचा. पण बळ काही वाढेना. एक आठवडा बरा जायचा, दुसऱ्यात सगळं वाहून जायचं. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, तरी साखर वर-खाली. मग लक्षात आलं की वाईट आठवडा म्हणजे नाईटचा आठवडा.

"झोपता कधी?" मी विचारलं.

"सकाली येतो, न्याहारी करतो, पडतो. पत्रा तापतो. हायवेवर गाड्या. मोबाईल बघत पडतो, मंग लागते जरा."

"उजेडात?"

"दिवसा उजेड नाय तर काय असनार, मॅडम?"

या उत्तरावर मी हसले. पण एसटीत बसल्यावर तेच वाक्य डोक्यात फिरत राहिलं. मी लहान असताना आमच्याकडे वीज असायची त्यापेक्षा नसायची जास्त. पेणच्या आळीत दिवे गेले की सगळी आळी अंगणात. मग गप्पा संपायच्या, आणि करण्यासारखं काही नाही म्हणून माणसं झोपायची. खाडीकाठच्या मिठागरांवर कामाला जाणाऱ्या बायका पहाटेला उठून निघालेल्या असत. गुडघाभर चिखलात दिवसभर उभ्या राहणाऱ्या त्या बायकांच्या पोटऱ्या मी बघितल्यात, शिसवीच्या खांबासारख्या. त्यांचं आयुष्य सुखाचं होतं असं मी म्हणणार नाही. मिठाने त्यांच्या तळपायांना भेगा पडत, आणि त्या भेगांवर लावायला माझी आई त्यांना मेण द्यायची. पण रात्र मात्र त्यांच्या वाट्याला पुरती यायची. तो काळोख आठवला की अजून मला गार वाटतं.

पुढच्या खेपेला काशिनाथ खुशीत आला. खिशातून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. "मॅडम, सापडला औषध!"

त्याचा मेहुणा जहाजावर नोकरीला. परदेशातून त्याने मेलाटोनिनच्या गोळ्या आणून दिल्या होत्या. शिवाय कंपनीतल्या एका पोराने मोबाईलवर वाचून दाखवलं होतं की मेलाटोनिनने मधुमेहवाल्यांच्या स्नायूंना ताकद येते. झोपही येईल, मांड्याही भरतील. एका गोळीत दोन कामं.

मी त्याला बाटलीसकट पुढच्या खोलीत डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर सत्तरी ओलांडलेले, वाचनाचा नाद असलेले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बाटली निरखली.

"काशिनाथ, अंधार पडला की मेंदूतली एक इवलीशी ग्रंथी हे मेलाटोनिन रक्तात सोडते. शरीराला सांगते, रात्र झाली. डोळ्यांवर उजेड पडला की ते बंद होतं. तू रात्रभर कंपनीच्या दिव्यांखाली, दिवसा उन्हात. तुझ्या शरीराला रात्र कधी झाली हेच कळत नाही."

"म्हनून तर गोली."

"ऐक पुढे. वाचलंयस ते खोटं नाही. लठ्ठ, मधुमेही उंदरांना हे दिलं तेव्हा त्यांचे स्नायू सुधारलेले दिसलेत. स्नायूच्या पेशीत ज्या बारीक चुली असतात, साखर जाळणाऱ्या, त्या बऱ्या पेटल्या. पण ते उंदीर. माणसांत अजून तसं पक्कं कळलेलं नाही. काहींची साखर याने उलट चढते, विशेषतः जेवणाच्या जवळ घेतलं तर. आणि उंदीर मुळात रात्री जागा असतो, त्याला कोण नाईट शिफ्ट लावणार?"

काशिनाथ हसला. डॉक्टर हसले नाहीत. "बाटली घरी ठेव. पुढच्या रविवारी साखरेचे रिपोर्ट घेऊन ये, मग ठरवू. तोपर्यंत घ्यायची नाही. आणि घेऊन गाडी तर चालवायचीच नाही."

"व्हय, व्हय," काशिनाथ म्हणाला.

त्या आठवड्यात त्याची नाईट होती. त्याने हिशेब केला: घरी पोचून गोळी घ्यायची, मग ती चढायची वाट बघायची, तोवर ऊन वर येणार. त्यापेक्षा सुटतानाच घेतली तर घरी पोचेपर्यंत डोळे मिटायला लागतील. एरवी तो कंपनीच्या बसने जायचा. त्या दिवशी मोटरसायकलवर होता, कारण वाटेत कोलाडला काही काम होतं.

काम झालं आणि हायवेने तो घराकडे निघाला. खांब गावाजवळ सकाळच्या स्वच्छ उजेडात त्याचा डोळा लागला. गाडी रस्ता सोडून शेताच्या कडेला गेली आणि आडवी झाली. डोक्याला हेल्मेट होतं, मागून ट्रक येत नव्हता, म्हणून वाचला. हाताला आणि खांद्याला खरचटलं, एवढंच. पण मोटरसायकल त्याच्या डाव्या पायावर पडली होती, आणि ती त्याला हलवता येईना.

हे त्याने मला नंतर सांगितलं. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून, खाली बघत. "मॅडम, चार-चार गडी अंगावर घेऊन आलोय मी. गाडी ती काय, साधी. पाय ओढाला बघतो तर पायात जीवच नाय. उताना पडलो होतो कासवासारखा. पलीकडं चहाची टपरी. तिथली म्हातारी आली धावत. तिनं एकटीनं उचलली गाडी. आनि मना म्हनते, 'उठ रे बाबा.' मी तिला काय सांगू, मना उठाला येत नाय म्हनून?"

सुगंधा शेजारी बसली होती. पदराने तोंड पुसत होती, डोळे नव्हे, तोंड. ती म्हणाली, "बाटली मी खाडीत टाकली."

डॉक्टरांनी त्याला ओरडायला हवं होतं, पण ते ओरडले नाहीत. म्हणाले, "गोळीचा दोष नाही, काशिनाथ. तू रात्र खिशात घालून फिरत होतास. रात्र अशी खिशातून काढता येत नाही. घरात आणावी लागते."

मग ती आणायला सुरुवात झाली. खिडकीला सुगंधाने जुनी ताडपत्री आणि तिच्यावर काळी चादर ठोकली. पत्र्याखाली भाताच्या पेंढ्याचा थर बसवला. मोबाईल देव्हाऱ्यापाशी. सकाळी घरी येताना काळा चष्मा घालायचा, म्हणजे डोळ्यांना दिवस उगवल्याचं कळायला नको. गावात लोक विचारायचे, "काय काशीशेठ, हिरो झालास काय?" तो म्हणायचा, "डॉक्टरचा हुकूम हाय."

अडचण शिफ्टची होती. तब्येतीच्या कारणाने नाईट सोडायची म्हणजे प्लँट सोडून स्टोअरमध्ये बसायचं. ज्या माणसाने वर्षानुवर्षं रिअ‍ॅक्टरच्या शिड्या चढल्या त्याला ते कमीपणाचं वाटत होतं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली ती तो कितीतरी दिवस साहेबांना देईना. मी विचारलं की म्हणायचा, "देतो." शेवटी एकदा माझ्यासमोर व्यायाम करताना मध्येच थांबला आणि म्हणाला, "मॅडम, शिडीवरून मी गेलं वर्षभर घाबरत उतरतोय. कोनाला बोललो नाय. पाय कवा सोडतील त्याचा भरोसा नाय. खाली माजी पोरा काम करतात." पोरं म्हणजे त्याच्या हाताखालचे. दुसऱ्या दिवशी त्याने चिठ्ठी दिली.

रात्रीची झोप सुरू झाल्यावर तोच व्यायाम लागू पडायला लागला. एकदम नाही. भातशेतीसारखं, रोज बघितलं तर काहीच दिसत नाही. हातांची घडी घालून खुर्चीतून उठला, मग स्टुलावरून. वजन फारसं उतरलं नाही, पोट होतं तिथेच होतं, पण पँट मांडीला बसायला लागली. साखर ताळ्यावर आली. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली तेव्हा त्याने ओपीडीतल्या सगळ्यांना पेढे वाटले, आणि तेही मधुमेहाच्या ओपीडीत. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि स्वतः एक खाल्ला.

मेलाटोनिनची गोळी डॉक्टरांनी त्याला कधी दिलीच नाही. पुढेमागे अभ्यासातून काही पक्कं निघेल, माझ्यासारखीच्या पेशंटना त्याचा उपयोगही होईल. मला त्याची उत्सुकता आहे. पण आमच्याकडे तेव्हा अंधार स्वस्त होता आणि तो पुरला.

माझ्या कामाच्या आठवणीत ही केस इथेच संपायला हवी होती. एके दिवशी मात्र काशिनाथचा व्यायाम उरकल्यावर सुगंधा बाकावरून उठली आणि म्हणाली, "मॅडम, माजे पन पाय बघा जरा."

"काय होतंय?"

"काय नाय. चढन आली की थरथरतात. आनि जीव सारखा पानी पानी करतो."

मी तिला त्याच खुर्चीत बसवलं. हातांची घडी घालून उठायला सांगितलं. ती उठली, पण कडेवर मूल घेतल्यासारखी एका बाजूला कलून. डॉक्टरांनी लगेच साखर तपासली. नवऱ्याची पहिल्यांदा जेवढी होती त्याहून तिची जास्त निघाली.

"तुम्ही झोपता कधी?" आता मी तिला विचारलं.

ती हसली. "इतकी वर्सा यांची फर्स्ट असली की पहाटे डबा. सेकंड असली की हे येईपर्यंत जागी. नाईट असली की दिवसा घरात आवाज नको म्हनून मी भायेर बसाची, पोराटोरांना, कोंबड्यांना हाकलत. मंग रातची कामा." आणि मग, जणू मला वाईट वाटू नये म्हणून, म्हणाली, "मना सवय हाय ओ."

कंपनीच्या हजेरीपटावर नाव एकाचं होतं. शिफ्ट दोघांनी केली होती.

काशिनाथ भिंतीला टेकून उभा होता. सगळं ऐकत होता.  सुगंधाची चप्पल बाकाखाली सरकली होती. तो खाली वाकला, दोन्ही पायांवर पूर्ण उकिडवा बसला, चप्पल काढून तिच्या पायाशी ठेवली आणि कशालाही न धरता उठला. त्याला स्वतःला ते कळलंच नाही. मला कळलं. 

त्यानंतर सुगंधा पेशंट आणि काशिनाथ बाकावर, असं बरेच महिने चाललं. ती व्यायामात त्याच्यापेक्षा तयार निघाली. लहानपणी आईबरोबर मिठागरावर टोपल्या वाहिलेल्या होत्या, ते अंग विसरलं नव्हतं. "हा तर खेल हाय," म्हणायची. झोप मात्र तिला जमेना. डोळा लागला की कुठल्यातरी शिफ्टला उशीर झाल्यासारखी दचकून उठायची. काशिनाथने स्वतःचा डबा स्वतः करायला घेतला. पहिल्या दिवशीची भाकरी कशी झाली होती हे सांगताना दोघं इतकी हसली की बाहेरच्या पेशंटनी डोकावून बघितलं.

मी क्लिनिक बंद करून आता काही काळ झाला. आमचे डॉक्टरही राहिले नाहीत. त्यांच्या दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान आहे.

गेल्या उन्हाळ्यात नागोठण्याला एका लग्नाला गेले होते. येताना रिक्षावाल्याला म्हटलं, गडबला जरा थांब. घर शोधायला वेळ लागला नाही. भर दुपार होती. ओट्यावर काशिनाथ तांदूळ निवडत बसला होता. मला बघून तो लगबगीने उठला, दोन पावलं पुढे आला आणि मी हाक मारायच्या आत त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"मॅडम, हलू," तो कुजबुजला. "आता कुठं डोला लागलाय तिचा."

चहा त्याने मागच्या दाराने जाऊन आणला, कपबशीचा आवाज न करता. आम्ही आंब्याच्या सावलीत बसून हळू आवाजात बोललो. शेजारची एक बाई "सुगंधाऽऽ" अशी हाक मारत आली, तर तो हात हलवत तिला सामोरा गेला आणि अर्ध्या वाटेतून परत पाठवलं. मला सुगंधाला भेटायचं होतं. रिक्षावाला घाई करत होता.

"उठवू काय?" काशिनाथने विचारलं. पण तो जागचा हलला नाही.

"नको," मी म्हटलं. "झोपू दे."